आक्काच्या हातचा काढा

किडनी बदलून मला आता दोन वर्षं होत आली. दर महिन्याला तपासणीला जातो तेव्हा ओपीडीच्या बाकावर एखादं नवं जोडपं शेजारी येऊन बसतं. हातात जाड फाईल, चेहरा उतरलेला. मला बघून त्यांना जरा धीर येतो, कारण माझं पोट सुटलंय आणि मी बडबड्या आहे. ते विचारतात, लई दुखतं का हो, किती दिवस पडून राहावं लागतं, नोकरी करता येते का. मी सगळं सांगतो. जमीन मोजणीच्या खात्यात माझी सव्वीस वर्षं गेली, लोकांना समजावून सांगायची सवयच लागलीय. फक्त एक गोष्ट मी बरेच दिवस गाळत होतो. तोंडानं ती अजूनही नीट सांगता येत नाही, म्हणून इथं लिहितोय.

बांधावरची चक्कर

त्या दिवशी दौलताबादच्या पुढं एका गावात मोजणीला गेलो होतो. दोन सख्खे भाऊ, मधला बांध कुणाचा यावरून तीन वर्षं बोलणं बंद. मी खुणेचा दगड दाखवायला वाकलो आणि उठलोच नाही. पुढचं मला शिपायानं सांगितलं. दोघा भावांनी मला उचललं, एकानं जीप काढली, दुसरा माझं डोकं मांडीवर घेऊन बसला आणि शहरातल्या दवाखान्यापर्यंत दोघं एकमेकांशी बोलत आले. माझ्यामुळं एवढं तरी चांगलं झालं.

दवाखान्यात सिस्टरनं बीपी तीनदा मोजला. तिला वाटलं मशीन बिघडलंय. मशीन ठणठणीत होतं. मला बीपी असल्याचं आठ वर्षांपासून ठाऊक होतं, पण गोळी मी डोकं दुखलं तरच घ्यायचो. ‘बीपीची गोळी एकदा लागली की जन्माची लागते’ असं म्हणणारे शहाणे आपल्याकडं पानटपरीवर पैशाला पासरी मिळतात. त्यातलाच मी एक.

चार दिवसांनी किडनीच्या डॉक्टर मॅडमनी मला आणि सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, समोर बसवून सांगितलं की दोन्ही किडन्यांचं काम जवळजवळ थांबलंय. मी विचारलं, जवळजवळ म्हणजे किती? मोजणीवाल्याला ‘जवळजवळ’ हा शब्द आवडत नाही. त्या म्हणाल्या, इतकं की पुढच्या आठवड्यात डायलिसिस सुरू करावं लागेल.

घरी येऊन मी काय केलं असेल? कांदाभजी मागितली. सुनंदानं भजी तळली, माझ्यापुढं ठेवली, आणि परत आत जाऊन ओट्याला टेकून रडली. मी भजी खात बसलो. आज आठवलं की स्वतःची चीड येते, पण तेव्हा खरंच दुसरं काही सुचत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात मीठ बंद झालं. माझ्यासाठी बंद, म्हणून तिनं स्वतःसाठीही बंद केलं. लेक कुरकुरली, मग तीही तसंच खायला लागली.

तीन पेले पाणी

डायलिसिसबद्दल लोक सुईची भीती घालतात. सुईची सवय होते. तहानेची होत नाही. किडनी चालत नाही म्हणजे प्यालेलं पाणी अंगात साठतं, म्हणून दिवसाचं पाणी मोजून. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल हे कॉलनीत कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, म्हणून आमच्या गच्चीवर दोन टाक्या कायम भरलेल्या. आणि खाली मी दिवसाचे तीन पेले समोर मांडून बसलेलो. बर्फाचा खडा चघळायचो. लेक आंघोळ करत असली की मोरीतला आवाज ऐकूनसुद्धा घसा कोरडा पडायचा.

आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास त्या खुर्चीत. शेजारी खुलताबादचे एक वयस्कर चाचा असायचे, त्यांचं तिसरं वर्ष. पहिल्या दिवशी मी मशीनकडंच टक लावून बघत होतो तर म्हणाले, ‘मियाँ, मशीनला आपली फिकीर करू द्या, तुम्ही झोपा.’ मी त्या दिवशी खरोखर झोपलो. कुणी असं एक वाक्य बोललं तरी त्या जागी लई मोठं वाटतं.

मॅडम पहिल्यापासून म्हणत होत्या की किडनी बदलणं हाच त्यातल्या त्यात बरा इलाज. सुनंदाला शुगर, त्यामुळं तिची चालेना. लेक बारावीत, तिचा विषय मी काढूच दिला नाही. मृत दात्याची किडनी मिळावी म्हणून सरकारी यादीत नाव लावलं. तिथं रांग मोठी.

आक्का आणि पल्लवी

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. खुलताबादच्या अलीकडं डोंगरातल्या गावात राहते. दाजी जाऊन सात वर्षं झाली, शेत तीच बघते. अंजिराची आणि सीताफळाची झाडं, थोडी मका. तिला कुणीतरी माझी बातमी दिली आणि ती सकाळच्या एसटीनं पिशवी घेऊन दारात हजर.

‘कुणाची तरी घ्यायचीच हाय ना? मग माझी घ्या,’ ती म्हणाली आणि चप्पल काढून आत आली. एवढीच चर्चा. मी नाही नाही म्हणालो, पण ते नाही किती पोकळ होतं ते मलाही कळत होतं. मनातून मी सुटकेचा श्वास टाकला होता.

आडवी आली ती तिची पोरगी पल्लवी. ही पुण्याला एका प्रयोगशाळेत काम करते. मूळ पेशींवर, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातली कुठलीही पेशी घडवता येते त्या पेशींवर. तिनं मला फोन केला. भाची असली तरी ती मला पहिल्यापासून तोंडावर बोलणारी.

‘मामा, राग मानू नका. थांबता येईल का? आम्ही इथं ज्यावर काम करतो ते पुढंमागं जमलं तर आईची किडनी लागणारच नाही.’

मी म्हणालो, मला समजेल असं सांग. तिनं सांगितलं ते असं. प्रत्येक पेशीच्या दारावर नावाची पाटी असते. शरीराचे पहारेकरी ती पाटी वाचतात, आपली असेल तर पुढं जातात, परकी दिसली की तुटून पडतात. सख्ख्या बहिणीची किडनी असली तरी पाटी पूर्ण जुळेलच असं नाही. आक्काच्या आणि माझ्या निम्म्याच खुणा जुळल्या होत्या. म्हणून किडनी बदललेल्या माणसाला पहारेकरी गुंगीत ठेवायच्या गोळ्या जन्मभर खाव्या लागतात. पल्लवीची माणसं उलटीकडून जातात. ती पेशीतच बदल करून दारावरची पाटी काढून टाकतात. पण तेवढ्यानं भागत नाही, कारण दुसरे पहारेकरी असे असतात की ज्याच्या दारावर पाटीच नाही त्यालाच आधी धरतात. मग त्यांच्यासाठी वरून एक खूण चिकटवायची, की बाबांनो, मला हात लावू नका. अशा पेशींपासून अवयव घडवला तर तो कुणालाही बसवता यावा, आणि गोळ्याही लागू नयेत.

मला हे एका दमात कळलं. आयुष्यभर मी बांधच बघत आलोय. जमिनीला कळत नाही ती कुणाच्या नावावर आहे, भांडण कागदावरच्या नावाचं असतं.

‘मग किती थांबायचं?’ मी विचारलं.

पोरगी खोटं बोलत नाही, हा तिचा गुण. म्हणाली, परदेशात शुगरच्या रुग्णांवर अशा पेशींचे अगदी सुरुवातीचे प्रयोग झालेत, पण अख्खी किडनी लांबची गोष्ट आहे. आणि भीतीही आहे. ज्या पेशीला कुठलाच पहारेकरी ओळखत नाही ती उद्या बिघडली, तिच्यात गाठ झाली, तर तिला धरणार कोण? म्हणून सगळं सावकाश चाललंय. मग म्हणाली, ‘मला ठाऊक आहे तुम्हाला तेवढा वेळ नाही. पण माझी आई आहे ती. मला एकदा विचारायचं होतं.’

मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही विचारलं असतं.

मधल्या काळात माझ्या एका साडूनं मोबाईलवर जाहिरात पाठवली, की अमुक ठिकाणी मूळ पेशींची चार इंजेक्शनं घ्या, किडनी पुन्हा नवी. मी हुरळून ती पल्लवीला पाठवली. तिचा लगेच फोन आला. तिनं मला जे काही सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण अर्थ एवढाच, की जे काम जगातल्या प्रयोगशाळांना अजून जमलेलं नाही ते कुणी पत्रक छापून विकत असेल तर तिकडं फिरकू नका. मीही तुम्हाला हेच सांगतो.

कॅमेऱ्यासमोर

नात्यातली किडनी असली तरी दवाखान्याची समिती देणाऱ्याला एकटं बसवून विचारते, कॅमेरा लावून. दबाव आहे का, काही आमिष आहे का. आक्का बाहेर आली तेव्हा तिथली समाजसेविका हसत होती. नंतर तिनंच आम्हाला सांगितलं. आक्का म्हणाली होती, ‘बाई, बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडला तेव्हा दाखवली तिथं सही ठोकली, इचार केला नव्हता. ही मात्र इचार करून करतीय.’

ते हक्कसोडपत्र मीच तयार केलं होतं. आपल्याकडं बहिणी सही करतात, भाऊ त्यांना साडी घेतो, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून ते ऐकताना माझी मान खाली गेली.

ऑपरेशन मार्चमध्ये झालं. शुद्धीवर आलो तेव्हा सिस्टर पलंगाला अडकवलेली पिशवी दाखवून म्हणाली, काका, बघा. पिशवी भरत होती. वर्षभर लघवीचा थेंब दिसला नव्हता. मी ढसाढसा रडलो, तोंडाला मास्क असल्यामुळं सगळं नाक त्यातच. पलीकडच्या खोलीतून आक्कानं निरोप पाठवला, की चालतीय का माझी? मी उलट निरोप पाठवला, धो धो. आणि मग मला पाणी प्या, प्या, म्हणून सांगायला लागले. दिवसाला तीन लिटर. पहिला तांब्या मी डोळे मिटून सावकाश प्यालो. त्या वेळची चव मला कुणाला सांगता येणार नाही.

स्टीलचा पेला

घरी सोडताना मॅडमनी सगळ्या सूचना समजावल्या आणि कागदावर माझी सही घेतली. गोळ्या सकाळी नऊ, रात्री नऊ, मिनिटभर चूक नको. कच्चं खायचं नाही. आणि कुठलाही काढा, चूर्ण, जडीबुटी विचारल्याशिवाय घ्यायची नाही. कारणही सांगितलं. गोळ्यांनी आपण तुमची प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली ठेवलीय, ती उठून बसली की पहिला हल्ला किडनीवर करेल. मला नीट कळलं होतं. हे मी पुन्हा लिहितो. मला नीट कळलं होतं.

जूनमध्ये आक्का महिनाभर राहायला आली. ती माझ्याआधी खडखडीत झाली होती. तिनं डॉक्टरांच्या तोंडून एकच वाक्य ऐकलं होतं, की यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, जपा. तिचा हिशोब सरळ. कमी आहे ना, मग वाढवा. तिच्या शेतातल्या कडुनिंबावर गुळवेल चढलेली आहे. कडुनिंबावरची गुळवेल सगळ्यात गुणकारी, असं आमच्याकडं मानतात. कोरोनाच्या काळात अख्खं गाव तिच्याकडून कांड्या न्यायचं. तिनं पिशवीभर कांड्या आणल्या होत्या. रोज सकाळी ठेचून, आलं-मिरी घालून, चार पेल्यांचा एक होईस्तोवर आटवायची आणि पदरानं पेला धरून माझ्यापुढं उभी राहायची.

पहिल्या दिवशी मी पेला हातात घेतला आणि मला सूचनांचा कागद स्वच्छ आठवला. सुनंदा लेकीला घेऊन कॉलेजच्या प्रवेशाला गेली होती. समोर आक्का. कुशीत वीतभर टाक्यांचा व्रण, वयाची सत्तावन्न वर्षं, पहाटे उठून माझ्यासाठी काढा उकळणारी. जिनं स्वतःची किडनी काढून दिली तिला कुठल्या तोंडानं म्हणू, की तुझा पेलाभर काढा मला नको? मी प्यालो. कडू जहर होता. ती म्हणाली, ‘शाना माझा बापू.’ दुसऱ्या दिवशी नाही म्हणणं आणखी अवघड झालं. सुनंदानं एकदोनदा विचारलं, डॉक्टरांना विचारलंय ना? मी हो म्हणालो.

ती गावी परत जाताना सुकवलेल्या कांड्यांचा डबा ठेवून गेली, आणि फोन करून विचारायची, घेतोस ना? एकदा हो म्हणालो की मग घ्यावाच लागायचा. असे चाळीसेक दिवस गेले.

जुलैच्या शेवटी पावलं सुजायला लागली. रक्ताचा रिपोर्ट बिघडला. मॅडमनी त्याच दिवशी दाखल करून घेतलं, किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला. शरीरानं किडनीवर हल्ला केला होता. मॅडमनी विचारलं, गोळी चुकली का? मी म्हणालो नाही, ते खरं होतं. बाहेरचं काही घेतलंत का? मी म्हणालो, नाही. तेही मी त्याच आवाजात म्हणालो. सुनंदानं माझ्याकडं बघितलं आणि मी खिडकीकडं.

सलाइनमधून तीन दिवस जोरकस औषध द्यायचं ठरलं. त्यानं पहारेकरी आवरले तर किडनी वाचेल, नाहीतर पुन्हा मशीनवर. भीती मला आधीही वाटली होती, पण ही वेगळी होती. आधी माझं काहीतरी जात होतं. आता आक्काचं जात होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का आणि पल्लवी भेटायला आल्या. आक्काच्या हातात थर्मास. ती हात धुवायला बाहेर गेली तेवढ्यात पल्लवीनं झाकण उघडून वास घेतला.

‘मामा, हे काय आहे?’

मी सगळं सांगितलं. पोरीनं थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मग हळू आवाजात म्हणाली, ‘आईनं मला जूनमध्ये फोनवर विचारलं होतं, गुळवेलीनं प्रतिकारशक्ती वाढती का गं? मी घाईत होते. म्हणाले, हो, तसं म्हणतात. कुणासाठी ते विचारलंच नाही.’ दिवसभर ती ज्या पहारेकऱ्यांशी झुंजते त्यांनाच जागं करायचा सल्ला तिच्या तोंडून गेला होता. ती तिथून निघाली, आक्काला चहाच्या निमित्तानं सुनंदाबरोबर खाली धाडलं आणि सरळ मॅडमकडं गेली.

मॅडम आल्या. मला वाटलं आता उद्धार होणार. त्यांनी खुर्ची ओढली आणि शांतपणे सांगितलं, की काढ्यामुळंच झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, काढा न घेणाऱ्यांनाही असा हल्ला होतो. पण एका हातानं आपण दाबतोय आणि दुसऱ्या हातानं तुम्ही उठवताय, हे बरोबर नाही. मग म्हणाल्या, ‘काढा प्यालात त्याचं मला तेवढं वाटत नाही. मी विचारलं तेव्हा खोटं बोललात त्याचं वाटतं. मी अंधारात औषध देत होते.’

तिसऱ्या दिवसानंतर रिपोर्ट सुधारायला लागला. किडनी वाचली. पण पूर्वीच्या जागी आली नाही. जे गेलं ते गेलं. आजही माझा रक्तातला क्रिएटिनिनचा आकडा हवा त्यापेक्षा थोडा वरच असतो.

आक्काला काय सांगायचं

आम्ही तिघांनी, म्हणजे मी, सुनंदा आणि पल्लवीनं ठरवलं, की आक्काला काढ्याचं सांगायचं नाही. तिच्या जिवाला लागेल. डॉक्टरांनी सध्या बाहेरचं सगळंच बंद केलंय, एवढंच तिला सांगितलं. तिनं मान हलवली आणि थर्मास घेऊन गावी गेली.

मग तिचे फोन कमी झाले. मी केला तरी दोन मिनिटांत ठेवायची. रक्षाबंधनाला आली नाही, गुडघा दुखतो म्हणाली. आक्काचा गुडघा दुखलेला मी जन्मात ऐकला नव्हता. सप्टेंबरात पल्लवीनं कळवलं, की आई नीट जेवत नाही. मी सुनंदाला घेऊन गावी गेलो.

आक्का ओसरीवर मक्याची कणसं सोलत बसली होती. वाळली होती. सुनंदा चहा टाकायला आत गेली तशी ती माझ्याकडं न बघता म्हणाली,

‘बापू, एक खरं सांग. माझी खराब निघाली का?’

‘काय खराब?’

‘किडनी. गावात म्हणतेत, म्हातारीची जुनी, कशी टिकंल. बाईची बाप्याला लागत नाय म्हणतेत. चार महिन्यात बिघडली. तुम्ही कुणी मला काय सांगत नाय. मला वाटतं, मी तुला खराब माल दिला.’

दोन महिने ती हे घेऊन बसली होती. आम्ही तिघं शहाणे तिला जपत होतो, आणि ती इथं एकटी स्वतःच्या शरीराला दोष देत होती. मी तिच्याजवळ खाली बसलो आणि सगळं सांगितलं. सूचनांचा कागद, सही, काढा, मॅडमशी बोललेलं खोटं. काढ्यानंच झालं हे डॉक्टरसुद्धा ठाम सांगत नाहीत, हेही सांगितलं.

तिनं हातातलं कणीस खाली ठेवलं.

‘म्हंजी माझी चांगली व्हती?’

‘लई चांगली होती आक्का. हल्ला झाला तरी तगली. आत्ताही तीच चालवतीय मला.’

ती पदर तोंडाला लावून रडली. सुनंदा दारात येऊन थांबली, पुढं आली नाही. बऱ्याच वेळानं आक्कानं डोळे पुसले आणि तिचा आवाज बदलला.

‘तुला ठाऊक व्हतं? पहिल्या दिवसापासून?’

‘होय.’

‘आन् तरी पीत व्हतास?’

‘तू दिला म्हणून.’

तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला. जोरात. मग म्हणाली, ‘मी किडनी दिली म्हंजी तुझं तोंड शिवून घेतलं व्हय रे?’



ज्या किडनीला बहीण नसेल

पल्लवीचं काम चालू आहे. मधूनमधून मी तिला विचारतो, कुठवर आलं? ती म्हणते, एक पाऊल पुढं, पाऊण मागं. ते एक दिवस जमावं असं मला मनापासून वाटतं. डायलिसिसच्या खुर्चीतले चाचा आता नाहीत. त्यांना द्यायला कुणी नव्हतं, त्यांचा नंबर लागलाच नाही. तशी किडनी असती तर ते आज बाकावर माझ्या शेजारी असते.

पूर्वी मला वाटायचं त्या किडनीचा फायदा गोळ्या वाचण्यात आहे. आता आणखी एक दिसतो. ती कुणाच्याही पोटातून काढलेली नसेल. तिला बहीण नसेल, आई नसेल. ती घेणाऱ्या माणसाला कुणाचाही पेला नाकारताना जड जाणार नाही. पण आज तुमच्या-माझ्यासाठी जी किडनी आहे ती कुणाच्या तरी मायेतून आलेली आहे, आणि तिचं ओझं फाईलमध्ये कुठं लिहिलेलं नसतं. घेणाऱ्यानं देणाऱ्याला तोंडावर नाही म्हणायचं असतं. डॉक्टरांनी विचारलं तर नागवं खरं सांगायचं असतं. आणि देणाऱ्यापासून काही लपवायचं नसतं, त्याच्या भल्यासाठी तर मुळीच नाही. एवढं मला आधी कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का, देव जाणे.

त्या वर्षी भाऊबीजेला आम्ही आक्काकडं गेलो. तिनं ओवाळलं. पाटावर बसवलं, ताट वाढलं. भाऊबीजेच्या ताटातलं काही परत करायचं नसतं, आमच्या घरी ती रीतच आहे. पुरणपोळी, आमटी, भजी, सगळं गरम. आणि कडेला वाटीत काकडीची कोशिंबीर, कच्ची, वर दही घातलेलं.

मी वाटीकडं बघितलं. सुनंदानं माझ्याकडं बघितलं. आक्का समोर वाढणं घेऊन उभी, चेहऱ्यावर काही नाही. अख्ख्या आयुष्यात मी तिच्या ताटातलं काही टाकलेलं नाही. वाटी उचलून मी तिच्यापुढं धरली.

‘आक्का, ही मला चालत नाही. नको.’

तिनं वाटी घेतली आणि खाली टेकली.

‘मुद्दाम वाढली व्हती,’ ती म्हणाली. ‘खातोस का बघत व्हते. आता मला झोप लागंल.’